पाहुण्यांची गल्ली

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. फोनवर तुम्ही बोलायला लागलात की मला मध्ये श्वास घ्यायलाही जागा मिळत नाही, म्हणून हे पत्र. पत्रात मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. नणंदेपुढे ही संधी भावजयीला आयुष्यात एकदा तरी मिळायला हवी.

काम असं आहे. आमच्या शहराचा घरोघरचा कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराची मुदत जूनअखेर संपते आहे. नवा ठेकेदार निवडायचा आहे, तो थेट दहा वर्षांसाठी. छाननीनंतर तीन कंपन्या उरल्या आहेत. त्यांची लांबलचक नावं ऑफिसात कोणी घेत नाही. गाड्यांच्या रंगावरून आम्ही त्यांना हिरवे, पिवळे आणि निळे म्हणतो. ठरवणारी समिती पाच जणांची, त्यातली एक मी. पण तिन्ही कंपन्यांची तुलना करून शिफारशीची टिपणी लिहायची ती मी एकटीनं, आणि खाली सही माझी. बाकीचे चौघे टिपणीचं शेवटचं पान वाचतात आणि हात वर करतात, हे खासगीत सांगते.

मागच्या वेळी ही निवड झाली तेव्हा मी नोकरीत नवी होते. टिपणी साहेबांनी सांगितली, मी टाइप केली. तेव्हा निवडलेल्या ठेकेदारानं पहिल्याच वर्षी टेकडीवरची वस्ती वाऱ्यावर सोडली. तिथल्या बायका कचऱ्याच्या पिशव्या घेऊन आमच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत होतं. या वेळी कोणी विचारलं तर 'मी ठरवलं' असं मला मान वर करून सांगता आलं पाहिजे. मला दुसरं काही नको. म्हणजे विभागप्रमुखाची खुर्ची जूनमध्ये रिकामी होते आहे, ती मिळाली तर नको म्हणणार नाही.

तर हिरवे तीन वर्षं तुमच्या शहरात काम करताहेत. तुमचं शिवणयंत्र खिडकीशी आहे आणि गल्लीतून मांजर गेलं तरी त्याची नोंद तुमच्याकडे असते. गाडी कधी येते, ओला-सुका कचरा वेगळा नेतात का, मागे घाण सांडते का, एवढं दीड-दोन महिने बघून कळवाल? एकच अट. मी कोण आहे हे तिकडे कोणालाही सांगायचं नाही. अगदी ब्लाउजाचं माप द्यायला आलेल्या बाईलासुद्धा नाही.

तुमचे भाऊ मजेत आहेत. अर्धा तास चष्मा शोधताहेत. तो कपाळावर आहे, पण मी सांगणार नाही.

तुमची भावजय

*

१२ फेब्रुवारी

आमच्या साहेबांना अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. मी फार बोलते असं लिहिलं आहेस ते वाचलं. उत्तरात चार पानं लिहिणार होते, पण कागद महाग झाला आहे.

तुझं काम तू अगदी योग्य माणसाकडे सोपवलं आहेस. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बसले. सोमवारी गाडी आली नाही. मंगळवारी सव्वाआठला आली. ड्रायव्हर आणि मागे दोन माणसं. गाडीला ओल्या-सुक्याचे दोन कप्पे आहेत, पण दोन्ही डबे एकाच कप्प्यात उपडे होतात. दुसरा कप्पा बहुतेक शोभेचा आहे. बुधवारी आली. गुरुवारी निम्मी गल्ली करून गेली, आणि आपलं घर दुसऱ्या निम्म्यात येतं. शुक्रवारी पुन्हा दांडी. माणसं वाईट नाहीत, पण धावपळीत असतात. मागे सांडलेलं उचलायला त्यांना वेळच नसतो.

या नादात एका पडद्याला मी उलटी शिवण घातली. ते गिऱ्हाईक तुझ्या नावावर मांडलं आहे.

कोणाला काही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडाला कुलूप आहे, आणि किल्ली कुठे ठेवली ते मीही विसरले आहे.

चष्म्याचं त्याला सांग. लहानपणी पायात घातलेले मोजे शोधायचा.

तुझी वन्सं

*

१७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

असा काटेकोर अहवाल आमच्या निरीक्षकांनी गेल्या दहा वर्षांत दिलेला नाही. पडद्याचे पैसे मी भरते.

पण वाचून जीव खट्टू झाला. कागदावर हिरवे सगळ्यांत पुढे आहेत. गाड्या नव्या, वर्गीकरणाचं केंद्र मोठं, माणसांना हातमोजे, बूट सगळं. काल त्यांनी समितीपुढे सादरीकरण केलं. त्यात म्हणाले की तुमच्या शहरात याच महिन्यापासून नवी देखरेख पद्धत सुरू केली आहे, आधीच्या त्रुटी राहणार नाहीत. हे खरं की सभेपुरतं, एवढंच मला कळायला हवं. आणखी काही आठवडे बघाल?

तुमची भावजय

*

६ मार्च

आमच्या साहेबांना आशीर्वाद,

खरं आहे. मी स्वतः बघितल्याशिवाय कशाला खरं म्हणत नाही हे तुला ठाऊकच आहे, पण हे मी बघितलं.

गेले दोन आठवडे गाडी रोज सातला येते. माझ्या भावाच्या घड्याळापेक्षा ती बरोबर चालते. मागे दोनाच्या जागी चार माणसं. ओला डबा ओल्या कप्प्यात, सुका सुक्यात. डबा उपडा केला की पाण्यानं खळबळून पालथा घालून ठेवतात. संध्याकाळी एक झाडूवाला वेगळा येऊन जातो. कोपऱ्यावरच्या घरातून जुनी गादी निघाली, ती रविवारी येऊन घेऊन गेले. रविवारी. मागे याच गादीसाठी त्या माणसानं तीन अर्ज केले होते.

गल्लीतले लोक आधी घाबरलेच, काहीतरी कर वाढणार म्हणून. आता सवय झाली आहे. समोरची शेजारीण तर झाडूवाल्याला म्हणाली की येताच आहात तर जिनाही मारा. त्यानं मारला.

मुकादमाशी मी एकदा दोन शब्द बोलले होते, इतकंच. माणूस समजूतदार निघाला. तू निश्चिंत मनानं सही कर.

तुझी वन्सं

*

१५ मार्च

प्रिय वन्सं,

सही केली.

टिपणी काल समितीकडे गेली. एकवीस पानं झाली. हिरव्यांची शिफारस केली आहे. माझ्या मनात त्यांच्याविषयी जी एक शंका होती ती तुमच्या पत्रांनी दूर झाली. सतराव्या पानावर तसं लिहिलंही आहे. 'ज्या शहरात ही कंपनी काम करते तेथील एका नागरिकाने केलेल्या चार आठवड्यांच्या निरीक्षणानुसार सेवेत लक्षणीय सुधारणा झाली आहे.' तो नागरिक म्हणजे तुम्ही. तुमचे भाऊ म्हणाले, ताई सरकारी कागदात गेली, आता तिच्याशी जपून बोलायला हवं.

मतदान २ एप्रिलला आहे. नोकरीत इतकी खात्री मला कशाचीच कधी वाटली नव्हती. परवा मुद्दाम टेकडीवरच्या वस्तीत जाऊन आले. तिथे अजून कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग आहेत. म्हटलं, जुलैत पुन्हा येईन.

तुमची भावजय

*

२१ मार्च

आमच्या साहेबांना आशीर्वाद,

नागरिक तुझ्यावर खूश आहे. सतराव्या पानाची एक प्रत मला पाठव. चौकट करून यंत्राच्या वर लावते.

तुला एक गंमत सांगते. काल गाडी दाराशी थांबली होती, तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला लटकवलेला कागद मी वाचला. दिवसभराच्या गल्ल्यांची यादी असते ती. प्रत्येक गल्लीला नुसता आकडा, बारा, तेरा, चौदा. आपल्या गल्लीला मात्र लाल गोल, आणि पुढे हातानं लिहिलं आहे, 'पाहुण्यांची गल्ली'. मी मागच्या माणसाला विचारलं, हे काय रे? तो हसला आणि डबा धुवायला लागला.

आम्ही बायका त्यांना येता-जाता पाणी विचारतो, बसायला पायरी देतो, म्हणून ठेवलं असणार नाव. अख्ख्या शहरात आपल्याच गल्लीला नाव आहे. मला फार बरं वाटलं. चांगलं वागलं की माणसं लक्षात ठेवतात.

मतदान झालं की लगेच कळव.

तुझी वन्सं

*

२५ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

एकच विचारते आणि उत्तर एका शब्दात हवं आहे. तुम्ही त्या मुकादमाला माझ्याबद्दल सांगितलं होतं का?

मतदानाला आठ दिवस आहेत. उत्तर टपालानं पाठवू नका. सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्या, मी स्टँडवर माणूस पाठवते.

भावजय

*

२९ मार्च

हो.

एक शब्द तू मागितलास तो दिला. आता उरलेले माझे.

गेल्या महिन्यात, तुझं दुसरं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुकादम गल्लीत आला होता. गाडी दोन दिवस आली नव्हती आणि मी त्याला त्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "बाई, तक्रार करायची तर वर करा." असं म्हणून मानही वर न करता चालायला लागला. ते मला झोंबलं. मी म्हटलं, "वर माझी भावजयच बसली आहे. तिकडे तुमचं टेंडर तिच्या टेबलावर आहे. ती सही करेल तेव्हा तुम्हाला काम मिळेल." तो वळला. पायरीवर बसला, पाणी मागितलं, तुझं पद विचारून घेतलं. जाताना मला 'ताई' म्हणाला.

मी तुझ्या भल्यासाठी सांगितलं असं लिहिणार होते, पण ते मागून सुचलेलं कारण आहे. मला त्याचं तोंड बंद झालेलं बघायचं होतं. आणि तू आमची आहेस हे कोणाला तरी सांगायचं होतं. आपल्या घरात आजवर सगळ्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांची वाट बघितली. लोक जिच्या सहीची वाट बघतात अशी तू पहिली. मला तुझा फार अभिमान आहे, आणि तो दोन महिने गिळून बसणं मला जमलं नाही. चूक माझी आहे.

तुझं पत्र हातात पडलं तशी यंत्रावर कापड टाकलं आणि पायात चपला सरकवल्या. तीन दिवस सकाळी सहा ते दहा आजूबाजूच्या गल्ल्या फिरले. गळ्यातली मापाची टेप काढायची राहून गेली, त्यामुळे लोकांना वाटलं मी रस्ता मोजायला आले आहे. एकीनं विचारलं, "तुम्ही नगरपालिकेच्या का?" जीभ वळवळली, पण कानाला खडा लावला आहे. मी म्हटलं, "नाही हो, मी शिंपीण आहे." त्यावर तिनं जास्तच मोकळेपणानं सांगितलं.

मागच्या गल्लीत पाच दिवस गाडी नाही. शाळेमागच्या रस्त्यावर येते, पण ओला-सुका एकाच तोंडात. पुलाजवळच्या चाळीत डबे भरून वाहताहेत, आणि गाडी आली तरी मागे एकच माणूस. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे तर चार येतात. तो म्हणाला, "तेच तर. माझे तिघे तुमच्याकडे नेले आहेत."

मग मी त्याला विचारलं, पाहुण्यांची गल्ली म्हणजे काय? त्यानं सांगितलं. ज्यांच्याकडून वरच्यांना काम काढून घ्यायचं असतं ते पाहुणे. त्यांच्या गल्लीत कागदाचा कपटा जरी दिसला तरी दुसऱ्या दिवशी या माणसांना डेपोत उभं करून बोलतात. साऱ्या शहरात अशा पाच-सहा गल्ल्या आहेत. म्हणजे माझ्या दाराशी डबा धुतला जात होता तो चाळीतल्या लोकांच्या वाट्याचा. आणि मी त्याला माझ्या वागण्याचं बक्षीस समजत होते. मला माझीच लाज वाटली.

तो माणूस कोण, दिसायला कसा, हे तुलाही सांगणार नाही. आता खरंच कुलूप आहे.

सही तुझी आहे, म्हणून ठरवायचं तू. हे पत्र फाडलंस तर मी लिहिलंच नव्हतं असं सांगेन, आणि माझ्यावर लोक चटकन विश्वास ठेवतात. पण फाडायचं असतं तर मी ते लिहिलं नसतं.

तुझी वन्सं

*

४ एप्रिल

प्रिय वन्सं,

आधी रागाचं सांगते, म्हणजे ते संपेल. तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी तुमच्या भावाशी बोलले नाही. त्यांचा काही दोष नव्हता, पण ते तुमचे भाऊ आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ताईनं काय केलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याबद्दलही ती असंच सांगत फिरते. गणितात पहिला आलो होतो म्हणून. मी कधीच आलो नव्हतो." मग मला हसू आलं आणि राग उतरला.

परवा समितीपुढे मी उभी राहिले आणि टिपणी परत घेतली. का, ते वाचून दाखवलं. माझ्या नातेवाइकानं कंपनीला माझी ओळख सांगितली, त्यानंतर त्या एका गल्लीची सेवा बदलली, आणि त्या गल्लीवरून मी दहा वर्षांचा निर्णय सुचवला. हेही सांगितलं की त्यातली मोठी चूक माझी आहे. मी स्वतः न सांगता जाऊन चार रस्ते बघायला हवे होते. त्याऐवजी मी घरातल्या माणसाची खिडकी वापरली, कारण ती सोपी होती. तुम्ही फक्त बोललात, वन्सं. टिपणीत ते मी घातलं.

अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "एवढं कशाला वाढवता? हिरव्यांचे कागद तर उत्तमच आहेत. सतराव्या पानावरची ती दोन वाक्यं खोडा आणि बाकीची टिपणी तशीच राहू द्या. कोणाला कळणार आहे?" दोन वाक्यांचाच प्रश्न होता. पेन माझ्या हातात होतं. पण ती दोन वाक्यं खोडली असती तर हिरवेच आले असते, आणि आमच्या शहरातही पाच-सहा गल्ल्या पाहुण्यांच्या झाल्या असत्या. त्यातली एक माझी असती. टेकडीवरची वस्ती त्यात नसती. मी नाही म्हटलं.

तेव्हा मला समितीतून काढलं. ते बरोबरच आहे. नवी टिपणी माझ्या हाताखालचा अभियंता लिहिणार. मतदान पुढे ढकललं. निघताना मी एक सूचना ठेवली आणि ती त्यांनी घेतली. तिन्ही कंपन्या जिथे जिथे काम करतात तिथे समितीनं न कळवता जायचं, आणि कोणत्या गल्ल्या बघायच्या त्याच्या चिठ्ठ्या तिथे पोचल्यावर काढायच्या. जो कोणी निवडला जाईल त्याच्या करारातही हेच कलम राहील. दर सोमवारी चिठ्ठी निघेल आणि त्या गल्लीची तपासणी होईल.

खुर्चीचं आता विसरायचं. कोणी तसं म्हणालं नाही, पण ऑफिसात माझ्याशी सगळे अचानक फार अदबीनं बोलायला लागले आहेत. वाईट वाटलं. मागच्या जिन्यात बसून थोडा वेळ रडले, मग चेहरा धुऊन टेबलावर आले. सोळा वर्षं त्या खुर्चीकडे बघत काम केलं, असं मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

तुमची सगळी पत्रं मी फायलीत लावली आहेत, पडद्याच्या उलट्या शिवणीसकट. त्या माणसाचं काही लिहिलं नाहीत ते फार चांगलं केलंत. यापुढेही जे लिहाल ते चार परकी माणसं वाचतील असं समजून लिहा.

तुमची भावजय

*

११ मे

माननीय समितीला नमस्कार, आणि आमच्या साहेबांना आशीर्वाद,

समितीतल्या सभासदांनी पहिले दोन परिच्छेद वाचावेत, पुढचे घरगुती आहेत.

गेल्या बुधवारी आपली तीन माणसं इकडे येऊन गेली. एक उंच, एक सारखा घाम पुसणारा आणि एक छत्रीवाल्या बाई. त्यांनी चौकात उभं राहून पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या. मी भाजी घ्यायला गेले होते, म्हणून दिसलं. मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. हे माझ्यासाठी किती अवघड होतं याची समितीनं नोंद घ्यावी.

ते पुलाजवळच्या चाळीत गेले आणि शाळेमागच्या रस्त्यावर. आमच्या गल्लीची चिठ्ठी निघाली नाही. समितीनं बाई फार हुशार पाठवल्या. त्यांनी डब्याचं झाकण स्वतः उघडून बघितलं.

आता घरगुती. तुझी खुर्ची माझ्यामुळे गेली. हे मी एकदाच लिहिते, कारण पुन्हा लिहिलं तर तू माझी समजूत घालत बसशील. ते माझ्या मनातून कधी जाणार नाही, आणि जाऊही नये.

आमच्या गल्लीचा लाल गोल पुसला गेला. आठवडाभरात चाराची दोन माणसं झाली, झाडूवाला बंद, आणि गाडी आली तर आली. शेजारणी माझ्यावर जाम चिडल्या. समोरची म्हणाली, "तुमच्या तोंडामुळे आलं आणि तुमच्या तोंडामुळेच गेलं." मी म्हटलं, "अगदी बरोबर. आता तोंडाला दुसरं काम देऊ." आम्ही आठ गल्ल्यांतल्या बायका एकत्र आलो आहोत. प्रत्येक गल्लीत एकजण गाडीची वेळ आणि माणसं लिहून ठेवते. दर शनिवारी सगळे कागद घेऊन आम्ही आमच्या नगरपालिकेत जातो. तिथला साहेब पहिल्या शनिवारी भेटला नाही. दुसऱ्या शनिवारी मी शिवणकाम सोबत नेलं आणि त्याच्या दाराशी बसून तीन शर्टांना काजं केली. तिसऱ्या शनिवारी त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. चाळीत आता मागे दोन माणसं येतात.

माझी भावजय कोण, हे तिथे कोणालाही माहीत नाही.

तुझी वन्सं

*

३ जुलै

प्रिय वन्सं,

तुमचे पहिले दोन परिच्छेद समितीत मोठ्यानं वाचले गेले, असं छत्रीवाल्या बाईंनी मला सांगितलं. पुढचेही वाचले. काजांच्या ठिकाणी अध्यक्ष हसले म्हणे.

निवड पिवळ्यांची झाली. ते काही फार चमकदार नाहीत. गाड्या जुन्या आहेत आणि सादरीकरणात त्यांचा माणूस अडखळत होता. पण चिठ्ठी निघालेल्या नऊही गल्ल्यांत काम सारखंच सापडलं. कुठे फार छान नाही आणि कुठे सोडून दिलेलं नाही. माझ्या हाताखालच्या अभियंत्यानं टिपणी सुरेख लिहिली, माझ्यापेक्षा सात पानं कमी. विभागप्रमुखाच्या खुर्चीत आता पाणीपुरवठ्याकडून आलेले एक गृहस्थ बसतात. माणूस बरा आहे. काही अडलं की फाइल घेऊन माझ्याच टेबलाशी येतात.

परवा पिवळ्यांचा पहिला दिवस होता. मी आधी टेकडीवरच्या वस्तीत गेले. पावणेसातला गाडी वर चढली. मी एका ओट्याशी उभी होते. एक म्हातारी बाई डबा रिकामा करून आली आणि मला विचारलं, "हे कोणी ठरवलं हो?" सोळा वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. मी म्हटलं, "समितीनं." आणि वन्सं, मान वरच होती.

तिथून घरी आले तर गाडी नुकतीच आमच्या गल्लीत शिरत होती. तुमचे भाऊ माझ्यासाठी फाटकाशी उभे होते, दोन्ही डबे पुसून समोर मांडलेले. एक तरुण पोरगी गाडीमागून उतरली. तिनं ओला डबा उपडा केला. सुक्याचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं, खिशातून लाल चिठ्ठी काढून डब्याला चिकटवली आणि डबा तिथेच ठेवून पुढच्या घराकडे गेली. चिठ्ठीवर छापलेलं होतं, 'ओला-सुका एकत्र. उचलला नाही.' तुमच्या भावानं भाजीची देठं वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्यात टाकली होती. त्यांच्या मते कागद वरून दिसत होता, म्हणून तो सुका.

ते चिडले. "ही काय पद्धत झाली? थांब, मी तिला सांगतो तू कोण आहेस ते," म्हणाले आणि पायात चपला घालायला लागले. मी त्यांचा दंड धरला. गाडी पार गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत सोडला नाही. मला फार आनंद झाला होता. ते मात्र मला वेड लागलंय अशा नजरेनं बघत राहिले.

मग आम्ही डबा अंगणात उपडा केला आणि दोघांनी बसून कचरा वेगळा केला. सुक्याची गाडी आता गुरुवारी येईल.

तुमची भावजय